दार लागायच्या आधी

२०२२ सालच्या नव्याच्या सणाला आमच्याकडचा चिकाचा हलवा बुडाला लागला. आईच्या हातून तो कधी लागला नव्हता. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखर घालून तो मंद आचेवर आटवत बसायचा, आणि ढवळताना हात थांबवायचा नाही. मी तर चीक विकतचाच आणला होता. म्हणजे माझ्याकडे काम उरलं होतं ते एकच, हात न थांबवण्याचं. तेवढंही जमलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही आमची आद्यकथा. पुढे तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले, आणि ज्या गावात राहिलो त्या गावाला ‘कर’ जोडून आडनावं घेतली. सणांनाही नावं इथलीच. रोश हशाना, आमचा वर्षारंभ, म्हणजे नव्याचा सण. योम किप्पुर म्हणजे दारफळणीचा सण. उपास धरून, पांढरे कपडे घालून, दारं लावून बसायचा दिवस. त्याचा दुसरा दिवस शिळा सण. माझ्या आजीच्या तोंडून हिब्रू नावं मी ऐकल्याचं आठवत नाही. तिचं सगळं वर्ष मराठीत चालायचं, फक्त शेमा ही प्रार्थना तेवढी हिब्रूत.

नव्याचा सण ते दारफळणी हे दहा दिवस हिशेबाचे. देवाचे जे अपराध केले असतील ते त्या उपासाने फिटतात, असं सांगितलं आहे. पण माणसाने माणसाचे केलेले फिटत नाहीत. ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारात जाऊन, तोंडाने मागून, त्याला राजी करावं लागतं. देव त्यात मध्यस्थी करत नाही. लहानपणी मला ही सोय वाटायची. भावाची पेन्सिल मोडली तर भावालाच विचारायचं, देवाला कशाला मध्ये घ्या. पन्नाशी उलटल्यावर कळलं की आपल्या धर्मातली सगळ्यात अडचणीची गोष्ट हीच आहे.

त्या वर्षी दादा येणार होता. इस्राएलमधल्या अश्दोदहून, सात वर्षांनी. बरोबर वहिनी, मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू, आणि वहिनीचे वडील, वय वर्षे ८१, मुक्काम दिमोना. इथून मी, माझा नवरा, दोन मुली, मामा-मामी, मावशीची पोरं आणि त्यांची पोरं. ठाण्यातल्या चरईतल्या आमच्या दोन खोल्यांत सोळा माणसं. आधीचा सारा आठवडा मी गाद्या मोजत होते, आणि गाद्या मोजता मोजता दुसरंही काही मोजत होते.

आई चौदा महिने अंथरुणावर होती. उजवी बाजू गेलेली. त्या चौदा महिन्यांत दादा एकदाही आला नाही. दर शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, लागायच्या आधी फोन करायचा. आई फोन डाव्या कानाला धरून नुसतं ‘हं, हं’ म्हणायची आणि ठेवल्यावर मला सांगायची, ‘सुट्टी मिळत नाही रे त्याला.’ मला ती ‘रे’च म्हणायची. ऑगस्ट २०१५मध्ये एका सकाळी ती गेली, संध्याकाळी आम्ही तिला माती दिली, आणि दादा दुसऱ्या दिवशी रात्री पोचला. सुतकाच्या सात दिवसांतले उरलेले दिवस आमच्याबरोबर जमिनीवर बसला. निघताना दारात चपला घालत म्हणाला, ‘एक दिवस नाही थांबलीस.’ मी म्हणाले, ‘शास्त्रात बसत नाही.’ त्यानंतर आमच्यात सात वर्षं फक्त सणांच्या शुभेच्छा चालल्या.

तर तो दिवस. रविवार, २५ सप्टेंबर. त्याच दिवशी सर्वपित्री अमावास्या. आमचाही महिना चंद्रावरच चालतो, आणि आमचं नवं वर्ष अमावास्येला चिकटूनच येतं, त्यामुळे अधिक महिन्याने घोळ घातला नाही तर आमचा नव्याचा सण म्हणजे शेजाऱ्यांची घटस्थापना. सकाळी मसुंद्याच्या तलावावरून भाजी घेऊन येताना पायऱ्यांवर लोक तर्पण करताना दिसले. संध्याकाळी शेजारच्या काकू घटासाठी परडी मागायला आल्या आणि दारातली सोळा जोडी चपलांची रास पाहून म्हणाल्या, ‘आज आमचे पितर जेवून गेले, तुमचे आत्ता आले वाटतं.’ दादा मोठ्याने हसला. सात वर्षांत त्याचं हसू मी प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं, आणि मला त्याचा राग आला. हसण्याचा का राग येतो माणसाला, कोण जाणे.

हलवा सण लागायच्या आत उतरायला हवा होता. पण काहीच वेळेवर होईना. सुनेला मराठी येत नाही, माझ्या मुलींना हिब्रू येत नाही, त्यामुळे कांद्याची पात आण म्हटल्यावर मुळा येत होता. दोन्ही ताटात लागतातच म्हणा. खजूर, डाळिंब, लाल भोपळा, पात, सफरचंदाच्या फोडी आणि मध, प्रत्येकाचा एकेक आशीर्वाद. आणि डोकं, म्हणजे आम्ही शेपूट नव्हे तर डोकं होऊ दे, यासाठी. आमच्याकडे रावसाचं डोकं असतं. ते बघून नातू किंचाळला आणि टेबलाखाली गेला. त्याला काढायला दादा वाकला, दादाच्या पाठीने टेबल हललं, आणि मनुकांच्या सरबताचा तांब्या पांढऱ्या चादरीवर आडवा झाला. काळ्या मनुका उकळून, कुस्करून, गाळून केलेलं ते सरबत आम्ही वाइनच्या जागी वापरतो. किद्दुशपुरतं, म्हणजे पेल्यावरच्या आशीर्वादापुरतं, एका पेल्यात शिल्लक राहिलं. मामा म्हणाले, पुरे आहे, देव काय मोजून पितो?

मामा म्हणजे आमच्या घरातले विद्वान. नोकरी रेल्वेत केली, पण वाचन सगळं धर्माचं. किद्दुश झाला, फळं झाली, मटणाचा रस्सा वाढून झाला आणि मामांनी विषय काढला. मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं, कारण आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे.

‘हे सरलेलं वर्ष शमिट्याचं होतं,’ मामा म्हणाले. ‘सातवं वर्ष. जमीन पडीक ठेवायची, आणि वर्ष संपताना उधारी सोडून द्यायची. तोरात आहे, आपल्या धर्मग्रंथात. आज सूर्य बुडाला तेव्हा सगळ्या ज्यूंची एकमेकांकडची देणी संपली.’

‘मग मामांचे माझ्याकडचे पैसे बुडाले,’ दादा म्हणाला.

‘बुडाले तर बुडाले. पण त्यातही गंमत आहे.’ मामांना हाडातला गर काढायचा होता, तो काढून झाल्यावर पुढे बोलले. ‘सातवं वर्ष जवळ आलं की कोणी कर्जच देईना. गरिबांचे हाल. तेव्हा हिल्लेल नावाच्या जुन्या धर्मपंडिताने पळवाट काढली, प्रोझबुल. एक कागद करायचा, आपली वसुली न्यायसभेच्या हवाली करायची. न्यायसभेचं येणं सातव्या वर्षाने बुडत नाही. आणि ज्याने कागद केला नाही, पण ज्याचा देणेकरी तरीही पैसे घेऊन दारात आला, त्याने काय करायचं? मिश्नात, रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, लिहिलंय. आधी म्हणायचं, मी सोडले. समोरचा म्हणाला, तरीपण घ्या, तर मग घ्यावेत.’

‘रब्बींच्या सगळ्या पळवाटा,’ वहिनीचे वडील म्हणाले. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हा शब्द कानावर पडला की ते जागे होतात, बाकी त्यांना ऐकू कमी येतं. ‘माझ्या लग्नाला त्यांनी माझ्या आजीच्या आईचा दाखला मागितला होता.’

हा त्यांचा १९६२ सालापासूनचा विषय. तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं होतं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासून घ्या, जमेल तितक्या मागे. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांनी आपण ज्यू असल्याचं सिद्ध करायचं! १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, त्यांत हे होते. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि फर्मानातून आपलं नाव गेलं. आजोबांचं लग्न झालं, चार मुलं झाली, पण ते अजून विचारतात, ‘ठराव केला. माफी मागितली का कुणी?’ त्या रात्रीही त्यांनी ते विचारलं, आणि नेहमीप्रमाणे कोणी उत्तर दिलं नाही. मी मात्र पडद्याआड ढवळता ढवळता मान डोलावली. मला ते पटतं. नाव काढून टाकलं म्हणजे माफी मागितली असं होत नाही.

आणि त्याच तंद्रीत मी बोलून गेले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘काही देणी पैशांची नसतात, मामा. ती सूर्य बुडाला म्हणून बुडत नाहीत.’

दादाने चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. ‘खरंय,’ तो म्हणाला. ‘काही देणी एका दिवसाची असतात.’

‘शास्त्र माझ्या हातात नव्हतं.’

‘कसलं शास्त्र?’ हे मामा. मामांना भांडण कळत नाही, प्रश्न कळतो. ‘दफनाचं म्हणतेस? लवकर करायचं हे खरं. पण मुलगा लांबून येत असला तर थांबता येतं की. मयताच्या मानासाठी थांबतात. कोण म्हणालं बसत नाही?’

माझा हात तिथे थांबला.

बाहेर एकदम सगळे बोलू लागले. मामी मामांना गप्प बसवत होती, नवरा ‘पुऱ्या गरम आहेत’ म्हणत होता, सून हिब्रूत विचारत होती काय झालं आणि मुलगा सांगत नव्हता, नातवाने टेबलाखालून रावसाचं डोकं मागितलं, आणि वहिनीचे वडील मोठ्याने म्हणाले, ‘कोणाचं लग्न?’ मग करपल्याचा वास पसरला. साखर करपल्याचा वास कुठे लपतो?

हलवा वरवरचा काढून ताटात थापला. सगळ्यांनी खाल्ला. दादाने दोन वड्या घेतल्या आणि म्हणाला, ‘आईसारखा झालाय.’ तो टोमणा होता की दिलासा, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता जे सांगायला बसले ते. आई गेली त्या सकाळी हजान, म्हणजे आमच्या प्रार्थना चालवणारे, घरी आले होते तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मुलगा येतोय ना? तो येईपर्यंत थांबू शकतो. बर्फाची सोय करतो.’ मी म्हणाले, नको. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, नको. आणि फोनवर दादाला सांगितलं, हजान म्हणतात थांबता येत नाही.

का, याचं सोपं उत्तर राग. पण राग असता तर मी त्याला फोनवर शिव्या दिल्या असत्या. मी फार शांत होते. चौदा महिने मी तिला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, रात्री दोनला चादरी बदलल्या. आणि आता हा येणार, विमानतळावरून थेट, तिचं तोंड बघून हंबरडा फोडणार, आणि सगळी आळी म्हणणार, बिचारा, किती जीव होता त्याचा आईवर. ते रडणं मला त्याला द्यायचं नव्हतं. एवढंच होतं ते. असं लिहिलं की फारच लहान दिसतं.

म्हणजे सात वर्षं मी धनको समजून बसले होते आणि माझ्याच वहीत मागच्या पानावर माझ्या नावावर देणं होतं. आणि प्रोझबुलही मीच केलं होतं. माझी वसुली शास्त्राच्या हवाली करून टाकली, म्हणजे ती कधी बुडायला नको आणि मागायलाही नको. मराठीत आपण बुडीत पैशांबद्दल म्हणतो, पाणी सोडलं त्याच्यावर. त्या सकाळी तलावाच्या पायऱ्यांवर माणसं खरोखरचं पाणी सोडत होती, आणि मी पातीची जुडी घेऊन बाजूने निघून आले होते.

नव्याच्या सणाच्या दुपारी खाडीवर गेलो, तश्लिखला. वाहत्या पाण्याकाठी उभं राहून पापं पाण्यात टाकायची. नातवाने पापं म्हणून खिशातली बिस्किटं टाकली. मी खिसे झटकले, पण मला माहीत होतं की माझं त्यात नव्हतं. माझं दादाच्या खिशात होतं.

मधल्या दिवसांत आम्ही आईला भेटायला गेलो. दफनभूमीत गवत कमरेएवढं होतं. दादाने दगडावरची धूळ रुमालाने पुसली, नाव वाचलं, तारीख वाचली, हिब्रू आणि मराठी दोन्ही. एक खडा उचलून दगडावर ठेवला. मग म्हणाला, ‘दगडाला किती लागले?’ मी म्हणाले, ‘असू दे.’ तो म्हणाला, ‘विचारतोय.’ मी आकडा सांगितला. तिथे बोलायला हवं होतं मी. दुसरं कोणी नव्हतं, आई होती. पण वहिनीचा फोन आला की आजोबांना रिक्षा मिळत नाही.

दारफळणीच्या आदल्या दिवशी आमच्यात सगळे सगळ्यांना फोन करतात. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा. आता मेसेज येतात, खाली कबुतराचं चित्र. मला या ‘कळत-नकळत’चा मनापासून वीट आहे. त्यात काय चुकलं ते कधीच नसतं. रामबाम या आमच्या जुन्या धर्मशास्त्रीने लिहिलंय की समोरच्याने माफ केलं नाही तर तीन माणसं घेऊन जा, नाही म्हणाला तर पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. त्यानंतरही तो नाही म्हणाला तर पापी तो. एवढा दम धरायला सांगितलेल्या माणसाला कबुतराचं चित्र पुरेल? पण संध्याकाळी, उपासाआधीचं शेवटचं पाणी पिऊन, दादा पांढऱ्या सदऱ्यात माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘कळत-नकळत काही...’ आणि मी म्हणाले, ‘माझंही.’ दोघांनी एकमेकांना खोटी नाणी दिली आणि खिशात टाकली.

त्या वर्षी दारफळणी आणि दसरा एकाच दिवशी आले. दुपारी डोकं दुखू लागलं म्हणून मी सिनगॉगमधून घरी येऊन पडले होते, तेव्हा दाराखालून काहीतरी सरकलं. शेजारच्या काकूंच्या नातवाने आपट्याची दोन पानं आत ढकलली होती. आम्ही आज दार उघडत नाही हे त्याला माहीत आहे. पलीकडून तो म्हणाला, ‘सोनं घ्या,’ आणि पळाला.

ठाण्याचं आमचं सिनगॉग १८७९ सालचं. नाव शाअर हशामायीम, स्वर्गाचं दार. मुंबईतलं सगळ्यात जुनं, १७९६चं, शाअर हराहमीम, दयेचं दार. दारांची फार हौस आम्हाला. नेईलाच्या वेळी, म्हणजे उपासाची शेवटची प्रार्थना चालू असताना, हजानचा आवाज बसलेला असतो आणि सगळे उभे असतात, कारण आता वरचं दार लागतंय. मग शोफारचा, म्हणजे शिंगाचा, एक लांब आवाज, आणि संपलं. त्यानंतर हातबोशी. एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने तो आपल्या दोन्ही तळव्यांत घ्यायचा, आणि मग प्रत्येकाने आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ती स्पर्शाची लाट सगळ्या दालनात फिरते. बाहेर पायऱ्यांवर दादाचा हात माझ्याकडे आला. मी घेतला. त्याचे हात आईसारखे आहेत, बोटं आखूड. मी बोटं ओठांना लावली आणि बोलायचं ते गिळलं. दार लागून गेलं होतं.

शिळ्या सणाला त्यांचं विमान होतं. बाकीचे मोठ्या गाडीतून पुढे गेले आणि दादा, मी आणि चार बॅगा टॅक्सीत. मुलुंड गेलं, भांडुप गेलं. पवईजवळ गाडी अडकली, तेव्हा मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत म्हणाले, ‘हजान थांबायला तयार होते. मीच नाही म्हणाले.’

तो काही बोलला नाही. सिग्नल सुटला, पुन्हा लागला.

‘ठाऊक आहे,’ दादा म्हणाला. ‘तेव्हाच, निघायच्या आत, मी हजानना फोन केला होता.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू सांगशील म्हणून.’ मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघत, ‘सुट्टी मिळत होती मला. तिला तसं बघायला भीती वाटायची.’

मला वाटलं होतं, असं काही झालं की छातीतून काहीतरी उठून जाईल. तसं काही झालं नाही. चौदा महिने चौदाच राहिले. फक्त आम्ही दोघं एकाच बाजूला बघत बसलो होतो.

विमानतळाच्या दारापर्यंतच सोडतात आपल्याला. ट्रॉलीवर बॅगा चढवल्या, हलव्याचा डबा वहिनीच्या हातात दिला, नातवाचा मुका घेतला. दादाने खिशातून पाकीट काढलं, कागदाचं, चुरगळलेलं. ‘दगडाचे अर्धे,’ तो म्हणाला.

‘राहू दे रे. सोडले मी ते.’

‘तरीपण घे.’

मी घेतले. परतीच्या टॅक्सीचे पैसे त्यातूनच दिले.